अ‍ॅड्रेनल ग्रंथीचे निदान आणि शस्त्रक्रिया: पुण्यातील एका रुग्णालयाच्या सेवेचा अनुभव

पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात माझ्या थोरल्या बहिणीची डावी अ‍ॅड्रेनल ग्रंथी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढण्यात आली. रुग्णालयांचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण सर्जनच्या हाताबद्दल आणि खोलीतील सोयींबद्दल लिहितात. मला शस्त्रक्रियेच्या आधी झालेल्या कामाबद्दल अधिक लिहायचे आहे, कारण या ग्रंथीच्या आजारांत ग्रंथी काढणे हा तुलनेने सोपा भाग असून, ती काढायची की नाही आणि काढायची तर कोणत्या बाजूची, हे ठरवण्यातच रुग्णालयाचा कस लागतो. पुढे काही तक्रारीही आहेत, त्यामुळे रुग्णालय, प्रयोगशाळा आणि विमा कंपनी यांपैकी कोणाचेच नाव दिलेले नाही.

ताई साताऱ्याला शिक्षिका आहे. चाळिशीत सुरू झालेला रक्तदाब चार प्रकारच्या गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नव्हता. रात्री पायात गोळे येत, लघवीला वारंवार उठावे लागे आणि जिना चढताना मांड्यांतली ताकदच गेल्यासारखी वाटे. वय, रजोनिवृत्ती आणि शाळेतला ताण ही तीन कारणे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकली होती. आमच्या फॅमिली डॉक्टरांना मात्र रक्तातील पोटॅशिअम २.८ आढळले, तेव्हा त्यांनी प्रथम लघवीची गोळी बंद केली, कारण त्या गोळीनेही पोटॅशिअम उतरते. काही आठवड्यांनी ते पुन्हा तपासले, आणि तरीही कमीच आले म्हणून संप्रेरकतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. या संपूर्ण साखळीत सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत मोलाचा सल्ला त्यांचाच होता.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची एक अ‍ॅड्रेनल ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या आवरणातून अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसॉल आणि काही लैंगिक संप्रेरके तयार होतात, तर आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याच्या जवळची द्रव्ये. यांपैकी काय जास्त झाले त्यावर आजार ठरतो. अल्डोस्टेरॉन अवाजवी वाढले की शरीर मीठ धरून ठेवते आणि पोटॅशिअम लघवीवाटे टाकून देते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या जेरोम कॉन यांनी १९५५ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. तो दुर्मीळ असल्याचे बरीच वर्षे मानले जात होते. आता उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी ५ ते १० टक्क्यांत, आणि तीन-चार गोळ्यांनाही दाद न देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत तो सापडतो, असे अभ्यास सांगतात. तरीही वर्षानुवर्षे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या किती जणांचे अल्डोस्टेरॉन आणि त्याचे नियंत्रण करणारे, मूत्रपिंडातून येणारे रेनिन हे दोन्ही एकदा तरी तपासलेले असते, हे आपल्या ओळखीच्या माणसांना विचारून पाहावे.

या रुग्णालयात येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आलो होतो. तेथे पहिल्याच भेटीत सीटी स्कॅन झाला, डाव्या ग्रंथीवर दीड सेंटिमीटरच्या आसपास गाठ दिसली, आणि त्याच संध्याकाळी रोबोटिक शस्त्रक्रियेचे पॅकेज आमच्या हातात आले. त्या कागदावर खोलीचा दर्जा, रोबोटचे शुल्क आणि जेवणासह सर्व तपशील होते. ही गाठ कोणते संप्रेरक बनवते, किंवा मुळात बनवते तरी का, याबद्दल एक ओळही नव्हती. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये अ‍ॅड्रेनलवर निरुपद्रवी गाठी सहज सापडतात आणि वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढत जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. परंतु तपासाआधीच तारीख देण्याची घाई पटली नाही, म्हणून आम्ही फाइल उचलून बाहेर पडलो.

ज्या रुग्णालयाबद्दल लिहितो आहे, तेथील संप्रेरकतज्ज्ञांनी सीटीची सीडी प्रथम बाजूला ठेवली आणि ताईच्या गोळ्यांची यादी मागितली. अल्डोस्टेरॉनचे रेनिनशी गुणोत्तर हे या निदानाचे पहिले पाऊल असून रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या ते बिघडवतात. त्यामुळे स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी, किमान ४ आठवड्यांसाठी थांबवण्यात आली आणि इतर गोळ्यांच्या जागी या चाचणीत फारशी ढवळाढवळ न करणारी व्हेरापामिल आणि प्राझोसिन ही औषधे देण्यात आली. हा बदल त्यांच्या देखरेखीखाली, घरी रोज रक्तदाब लिहून ठेवण्याच्या अटीवर झाला. कोणीही तो आपल्या मनाने करू नये. पोटॅशिअम कमी असताना अल्डोस्टेरॉनचा आकडा खोटा कमी येतो, म्हणून पोटॅशिअमच्या कडवट सिरपचे डोस पाण्यात मिसळून सुरू झाले. आणि वर्षानुवर्षे अळणी खाणाऱ्या ताईला, तपासणीपुरते नेहमीसारखे मीठ खा, असे सांगण्यात आले तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

येथे एका गोष्टीची तक्रार नोंदवणे भाग आहे. पहिला नमुना आम्ही सोयीसाठी घराजवळच्या एका संकलन केंद्रात दिला. तेथील तंत्रज्ञाने दंडाला पट्टा करकचून बांधला, ‘काकू, मूठ पाच-सहा वेळा उघडा-मिटा,’ असे सांगितले आणि रक्ताच्या नळ्या तत्परतेने बर्फाच्या डब्यात ठेवल्या. त्याच्या दृष्टीने हे सगळे नीटच होते. परंतु मूठ आवळल्याने स्नायूंतील पोटॅशिअम रक्तात उतरून आकडा फुगतो, आणि रेनिनची नळी गार केली तर रक्तातील निष्क्रिय प्रोरेनिन सक्रिय होऊन रेनिन खोटे वाढलेले दिसते, म्हणजे गुणोत्तर खोटे कमी येते. अहवाल ‘संशयास्पद नाही’ असा आला. डॉक्टरांनी तो वाचला, नमुना कोठे आणि कसा घेतला हे विचारले आणि तो रद्द धरून रुग्णालयातच पुन्हा तपासणी करायला लावली. दुसऱ्या वेळी ताईला सकाळी उठल्यावर दोन तास हिंडती-फिरती ठेवून, मग दहा मिनिटे खुर्चीत बसवून, पट्टा सैल ठेवून रक्त घेतले, आणि नळी खोलीच्या तापमानातच प्रयोगशाळेत गेली. या वेळी रेनिन जवळजवळ शून्य होते आणि अल्डोस्टेरॉन चढलेले. पहिल्या अहवालावर विसंबून आम्ही घरी परतलो असतो तर ताई आजही चार गोळ्यांवर असती. ज्या डॉक्टरांना आकड्याइतकीच तो कसा मिळवला याची चौकशी करावीशी वाटते, त्यांना माझे पूर्ण गुण.

खात्रीसाठी सलाइनची चाचणी झाली: ४ तासांत शिरेतून २ लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन पुन्हा मोजायचे. निरोगी माणसात एवढे मीठ शरीरात गेल्यावर ते खाली यायला हवे. ताईचे आले नाही. दिवसाच्या वॉर्डात ही चाचणी झाली, सिस्टर रक्तदाबावर सतत लक्ष ठेवून होत्या आणि पोटॅशिअम आधी आणि नंतर पाहण्यात आले. याच सुमारास दोन आणखी तपासण्या झाल्या, ज्यांची गरज मला सुरुवातीला कळली नव्हती. एक, रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची गोळी घेऊन सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉल मोजणे, ते डेसिलिटरमागे १.८ मायक्रोग्रॅमच्या वर राहिले तर गाठ कॉर्टिसॉलही बनवत असल्याची शंका येते, आणि तसे असेल तर शस्त्रक्रियेनंतर शरीराला काही काळ बाहेरून स्टेरॉइड द्यावे लागते. दुसरी, रक्तातील मेटानेफ्रिनची, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिनपासून बनणाऱ्या द्रव्याची. ती आडवे झोपवून, अर्धा तास शांत पडून राहिल्यावर घेतली. गाठ फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन ओतणारी असेल आणि ते न कळताच कोणी तिला सुई टोचली किंवा भूल दिली, तर रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो. दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या.

सीटी पुन्हा वाचण्यात आला. विनाकॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध न देता केलेल्या) स्कॅनमध्ये गाठीची घनता १० हौन्सफील्ड एककांच्या (सीटीवर घनता मोजण्याचे माप) खाली होती, म्हणजे ती चरबीयुक्त, साधी गाठ असल्याची ग्वाही मिळाली. मात्र येथील रेडिऑलॉजिस्टना उजवी ग्रंथीही किंचित जाड दिसली, जिचा पहिल्या ठिकाणच्या अहवालात उल्लेखच नव्हता. अतिरिक्त अल्डोस्टेरॉन एकाच ग्रंथीतून येत असेल तर ती काढणे योग्य. दोन्हींतून येत असेल तर शस्त्रक्रिया नाही, आयुष्यभर गोळ्या. आणि सीटीवर दिसणारी गाठ आणि प्रत्यक्ष गुन्हेगार ग्रंथी या दोहोंची जुळणी बऱ्याच रुग्णांत होत नाही. पस्तिशीच्या आतील, पोटॅशिअम स्पष्ट कमी असलेल्या आणि एकाच बाजूला ठळक गाठ असलेल्या रुग्णांत पुढची पायरी गाळता येते. ताई सत्तेचाळीस वर्षांची असल्याने ती सवलत तिला नव्हती.

ती पायरी म्हणजे अ‍ॅड्रेनल शिरांतून रक्ताचे नमुने घेणे. कॅथ लॅबमध्ये (क्ष-किरणांच्या मदतीने रक्तवाहिन्यांत नळी घालण्याच्या कक्षात), जांघेपाशी जागा बधिर करून, शिरेतून बारीक नळी वर नेतात आणि दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळे रक्त घेतात. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, तिथे पोहोचणे बरे जमते. उजवी मात्र अगदी आखूड असून थेट मोठ्या महानीलेत उघडते, आणि नळी तिच्या तोंडाशी टिकवणे हे अनुभवाचेच काम. नळी खरोखर त्याच शिरेत होती की नाही, हे कॉर्टिसॉलवरून ताडतात: ग्रंथीच्या शिरेत ते इतर ठिकाणच्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त असले पाहिजे. मग दोन्ही बाजूंचे अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांचे गुणोत्तर ताडून पाहतात. उत्तेजक इंजेक्शन देऊन केलेल्या चाचणीत एक बाजू दुसरीच्या चौपटीहून जास्त असेल तर दोष त्याच बाजूचा मानतात. आमच्या रेडिऑलॉजिस्टनी आदल्या दिवशीच स्पष्ट सांगितले, ‘ताई, उजवी शीर पहिल्या प्रयत्नात मिळेलच असे मी आश्वासन देत नाही, नाही मिळाली तर पुन्हा करावे लागेल.’ मिळाली. निकालात डावी बाजू निर्विवाद पुढे होती आणि उजवी दबलेली. म्हणजे पहिल्या ठिकाणीही डावीच ग्रंथी निघाली असती, हे खरे. पण तो नशिबाचा भाग असता, आणि नशिबासाठी रुग्णालयाला पैसे द्यायचे नसतात.

या चाचणीचा खर्च शस्त्रक्रियेच्या निम्म्याच्या आसपास गेला आणि विमा कंपनीने तो देण्यास साफ नकार दिला. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत चौथा अपवाद ‘केवळ तपासणीसाठी दाखल होणे’ असा आहे, त्यावर बोट ठेवण्यात आले. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूला करायची हे ज्या तपासणीशिवाय ठरत नाही, ती ‘केवळ’ तपासणी कशी, असे पत्र आम्ही पाठवले. संप्रेरकतज्ज्ञांनी त्यासोबत दोन पानांचे सविस्तर टिपण दिले. काही रक्कम पुढे मिळाली, सगळी नाही. रुग्णालयाचा टीपीए कक्ष (विम्याचे दावे हाताळणारी खिडकी) मात्र या बाबतीत निरुपयोगी ठरला: खिडकीवरील प्रत्येक नव्या माणसाला आजाराचे नाव पहिल्यापासून सांगावे लागे, आणि एकदा तर कागदावर ‘किडनीची शस्त्रक्रिया’ असे लिहून गेले. संमतिपत्रे केवळ इंग्रजीत होती हीदेखील उणीवच. समुपदेशक बाईंनी ती शब्दन् शब्द मराठीत समजावली, पण तो त्यांचा चांगुलपणा होता, रुग्णालयाची व्यवस्था नव्हे.

शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखे त्या मानाने थोडे आहे, आणि मला वाटते हीच तिची वाखाणणी. १९९२ साली मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीतून अ‍ॅड्रेनल काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तोवर एवढ्याशा ग्रंथीसाठी मोठा छेद घ्यावा लागे. ताईला उजव्या कुशीवर वळवून पोटाच्या डाव्या बाजूने, तीन-चार लहान छेदांतून ती काढण्यात आली. पाठीकडून जाण्याची दुसरी पद्धतही आहे, जी जर्मनीतील एसेन येथील मार्टिन वाल्ट्झ यांनी रूढ केली. आपल्या हाताला पहिली अधिक सरावाची आहे, म्हणून ती निवडत असल्याचे सर्जननी सरळ सांगितले. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हा प्रश्न मी थोडा संकोचत विचारला होता. त्यांनी तो मनाला लावून न घेता आकडा दिला आणि वर्षाला किमान सहा तरी करणाऱ्याकडेच जावे, हे स्वतःच सांगितले. रोबोटबद्दल विचारले तर ताईच्या गाठीला त्याची गरज नाही, इतकेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर फिओक्रोमोसायटोमा असलेला एक तरुण होता, आणि या विभागाचे काम मला त्याच्याकडे पाहून अधिक समजले. शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीपासून त्याला प्राझोसिन, भरपूर पाणी आणि मीठ सुरू होते. हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी त्यानंतरच, कारण ती आधी दिली तर रक्तदाब उलट चढतो. रोज सकाळी निवासी डॉक्टर त्याचा रक्तदाब झोपवून आणि उभे करून मोजत आणि न चुकता विचारत, ‘काय रे, नाक चोंदलंय का?’ तो वैतागून हो म्हणाला की त्या खूश होत. रक्तवाहिन्या पुरेशा सैलावल्याची ती खूण असते, हे मला नंतर कळले. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी त्याच्या खाटेशी बराच वेळ बसले होते, कारण गाठीला हात लागताच रक्तदाब उसळतो आणि तिची शीर बांधताच कोसळतो, आणि त्या दोन्ही क्षणांची तयारी त्यांनाच ठेवावी लागते. अशा गाठींपैकी जवळजवळ एकतृतीयांश आनुवंशिक असतात, म्हणून त्याच्या भावंडांनाही तपासणीसाठी बोलावले होते.

ताईच्या बाबतीत घरी सोडताना स्पायरोनोलॅक्टोन आणि पोटॅशिअम दोन्ही बंद केली आणि आठवड्याभरात पोटॅशिअम आणि क्रिएटिनिन तपासायला लावले. दीर्घकाळ दबून राहिलेली उजवी ग्रंथी लगेच जागी होत नाही, त्यामुळे आता पोटॅशिअम उलट वाढण्याचा धोका असतो. ते थोडे वाढलेही. आहारातली केळी आणि नारळपाणी कमी करून ते सावरले. गोळ्या पूर्ण सुटतील असे मात्र कोणी आमिष दाखवले नव्हते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात या शस्त्रक्रियेनंतर रक्ताचे आकडे ९४ टक्के रुग्णांत पूर्ण सुधारले होते, परंतु गोळ्यांशिवाय रक्तदाब सामान्य राहिला तो ३७ टक्के रुग्णांतच. उरलेल्यांपैकी बहुतेकांत तो कमी गोळ्यांवर आटोक्यात आला. डॉक्टरांनी हे दोन्ही आकडे आधीच समोर ठेवले होते. ताई आता एका गोळीवर आहे, रात्री एकसंध झोपते, आणि शाळेत दुसऱ्या मजल्यावरचे वर्ग पुन्हा मागून घेतले आहेत.

बाह्यरुग्ण विभागातील ताटकळणे भयंकर आहे. दहाची वेळ म्हणजे साडेबाराला नंबर, हे गृहीत धरावे. जुने अहवाल रुग्णालयाच्या संगणकात असूनही दर वेळी कागदी फाइल मागितली जाते. खर्च झेपण्यासारखा नसेल तर मुंबईत परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीचा, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांचा, स्वतंत्र विभाग आहे. राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर लखनौची संजय गांधी संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे एंडोक्राइन शस्त्रक्रियेचे स्वतंत्र विभाग आहेत. कोठेही जाताना सीटीचा छापील अहवाल पुरत नाही, सीडी सोबत न्यावी. आजवर घेतलेल्या गोळ्यांची तारखांसह यादी करावी. आणि रेनिनचा नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी घेतात हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे, कारण आमच्या रुग्णालयात तो सकाळीच घेतात आणि रविवारी घेत नाहीत.